गेमिंगसाठी साऊंड कुठल्या वायरने घ्यावा?

प्रश्न (देवगडहून): दादा, यंदा आंब्याचे पैसे आले त्यातून बाबांनी गेमिंग पीसी घेऊन दिला. मागे हिरवा जॅक आहे, ऑप्टिकलचं (उजेडातून साऊंड नेणाऱ्या वायरचं) भोक आहे, ग्राफिक कार्डला एचडीएमआय आहे, शिवाय यूएसबी आणि ब्लूटूथ. घरात बाबांचा जुना ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक वूफर चालवणारा) अँप्लिफायर, म्हणजे अँप आहे, त्याला ऑप्टिकल आहे पण एचडीएमआय नाही. मित्र म्हणतो ऑप्टिकल म्हणजे प्युअर डिजिटल, क्वालिटी एक नंबर, तेच कर. मी जास्त करून व्हॅलोरंट हा शूटिंगचा गेम खेळतो, हेडफोन साधा ३.५ चा, कधीकधी ब्लूटूथ इअरबड्स. दोन-तीन हजार खर्च करू शकतो. काय घेऊ?

उत्तर: मित्र म्हणतो त्यातलं अर्धं खरं आहे. ऑप्टिकल, यूएसबी, एचडीएमआय, तिन्हीतून साधा दोन चॅनलचा साऊंड गेला की तेच आकडे जसेच्या तसे पलीकडे पोचतात, एकातून गोड आणि दुसऱ्यातून फिका असं होत नाही. पण कानाला आकडे ऐकू येत नाहीत ना, कुठेतरी त्यांचा परत करंट करावा लागतो, ते काम करणारी चिप म्हणजे डॅक. हिरवा जॅक वापरलास तर मदरबोर्डवरचा डॅक वापरला, ऑप्टिकल लावलीस तर अँपमधला, यूएसबी घेतलंस तर त्या डोंगलमधला. क्वालिटीतला फरक पडतो तो तिथे.

तुझा हेडफोन आधी मागच्या हिरव्या जॅकला लाव आणि रात्री सगळं शांत असताना गेम चालू करून ऐक. पुढचा जॅक नको, तो कॅबिनेटच्या आतून लांब वायरने येतो आणि ती वायर वाटेत ग्राफिक कार्डची किरकिर उचलते, माऊस हलवला की बारीक किर्रर्र येते ती बरेचदा हीच. मागे लावून शांत असेल तर एक रुपया खर्च करू नकोस. तिथेही किरकिर आली तर छोटा यूएसबी डॅक घे, टाईप-सी मधून ३.५ जॅक निघतो तो, फक्त घेताना विचार की आत डॅक आहे का, कारण काही नुसत्या वायरी असतात आणि त्या पीसीला लावल्या की काहीच वाजत नाही. उरलेले पैसे चांगल्या हेडफोनला ठेव. मी इतकी वर्षं हे बघतोय, दोन-तीन हजारात कानाला खरा फरक जाणवतो तो हेडफोन बदलल्यावर, वायर बदलून नाही.

इअरबड्सचं मात्र स्पष्ट सांगतो, गाण्यांसाठी ठेव, गेमला लावू नकोस. खाडीपलीकडे कोणी दगडावर कपडे आपटत असलं तर हात खाली आलेला आधी दिसतो आणि धप्प नंतर ऐकू येतं, बघितलंयस ना? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे सत्तरेक मीटरवरून यायला त्याला ०.२ सेकंद लागतात. साध्या ब्लूटूथला, म्हणजे एसबीसी कोडेकवर (साऊंड दाबून पाठवायची त्याची नेहमीची पद्धत), साधारण तेवढाच उशीर होतो, दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं असताना, एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदाची, म्हणजे समोरचा पाऊल टाकतो आणि तुला ते दहा-बारा फ्रेमनंतर ऐकू येतं, तोवर तो कोपऱ्यावरून बाहेर आलेला असतो. त्यात माईक चालू केलास की ब्लूटूथ कॉलच्या मोडमधे जातं आणि साऊंड मोनो होतो, फोनवर बोलल्यासारखा, मग डावीकडून आला की उजवीकडून हे कळणारच कसं? वायरलेसच हवा असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा डोंगलवाला हेडसेट बघ, त्याला उशीर खूप कमी असतो. तो डोंगल पीसीच्या मागे यूएसबी ३ ला चिकटवू नकोस, त्या पोर्टचा नॉईज नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, छोटी एक्स्टेंशन लावून टेबलावर ठेव.

आता बाबांचा अँप, कारण यात बहुतेक सगळे फसतात. ऑप्टिकलची ही वायर तोशिबाने १९८३ मधे सीडी प्लेयरसाठी काढली, त्यामुळे तिच्यात कॉम्प्रेस न केलेला साऊंड फक्त दोन चॅनलचा मावतो. ५.१ हवा असेल तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमधे दाबून पाठवावा लागतो. डीव्हीडीवरच्या पिक्चरमधे तो आधीच दाबलेला असतो म्हणून मागचे स्पीकर मस्त वाजतात, आणि गेम लावला की तेच स्पीकर गप्प, मग पोरं अँप खराब झाला म्हणून दुकानात घेऊन जातात. अँप चांगला असतो! गेमचा साऊंड जागच्या जागी तयार होतो, तो दाबायला पीसीत डॉल्बी डिजिटल लाईव्ह नाहीतर डीटीएस कनेक्ट लागतं, ते बऱ्याच मदरबोर्डमधे नसतं आणि असलं तरी दाबायच्या कामात थोडा उशीर वाढतोच. एचडीएमआयमधून आठ चॅनल न दाबता जातात पण तुमच्या अँपला ते नाही. मग एक जुना रस्ता आहे, अँपच्या मागे "५.१ इनपुट" किंवा "मल्टी चॅनल इन" असं लिहिलेल्या सहा आरसीए पिना (जुन्या टीव्हीला लाल-पांढऱ्या असायच्या तशा गोल) आहेत का बघ. असतील तर ३.५ टू आरसीएच्या तीन वायरी आण, पीसीचा हिरवा जॅक पुढच्या स्पीकरना, काळा मागच्यांना, नारंगी सेंटर आणि वूफरला. पीसीला तीनच जॅक असतील तर ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमधून निळा आणि गुलाबी या कामाला लावता येतात. जो गेम ५.१ साऊंड काढतो त्यात खरा ५.१, उशीर जवळजवळ नाही, आणि बाबांचा अँप परत कामाला लागेल याचा मला जास्त आनंद.

हेडफोनवर खेळताना ७.१ च्या मागे लागू नकोस. कान दोनच, व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमधे एचआरटीएफ (दोन कानांतच आवाजाची दिशा कळवणारी सोय) आहे ते ऑन ठेव आणि विंडोजचा स्पेशियल साऊंड ऑफ, दोन्ही एकदम चालू राहिले की दिशा सगळी विस्कटते.

प्रश्न (रत्नागिरीहून): मुलगा लॅपटॉपवर गेम खेळतो, ऑक्स वायरने मोठ्या स्पीकरला जोडलाय. चार्जर लावला की स्पीकरमधून सतत घूंऽऽ येतं, चार्जर काढला की बंद. मुलगा म्हणतो चार्जरची मधली पिन कापूया, मी त्याला थांबवलंय.

उत्तर: ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत, ती अर्थिंगची पिन अजिबात कापू देऊ नका, मशीनच्या बॉडीत कधी करंट उतरला तर ती पिनच जीव वाचवते. तुमच्याकडे झालाय तो ग्राउंड लूप. लॅपटॉप आणि स्पीकर दोघांना आपापल्या वाटेने अर्थिंग मिळतं आणि ऑक्सच्या वायरने ते परत एकमेकांना जोडले जातात, त्या फेऱ्यात आपल्या ५० हर्ट्झच्या लाईटची गुणगुण शिरते. आधी दोन्ही प्लग एकाच बोर्डवर लावून बघा, बरेचदा तेवढ्यानेच कमी होतं. डिशची वायर त्याच सिस्टमला जोडलेली असेल तर तीही काढून बघा. नाहीच गेलं तर ऑक्समधे लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, महाग नसतो. स्पीकरला ऑप्टिकल असेल तर यूएसबी टू ऑप्टिकल डबी घ्या, ऑप्टिकलमधून नुसता उजेड जातो, करंट नाही, त्यामुळे गुणगुणीला वाटच उरत नाही.

आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आपल्याकडे खाली जांभा, एप्रिल-मे मधे जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायला हवं. वळवाच्या पावसात मात्र वीज कडाडायला लागली की डिशची वायर, लॅपटॉपचा प्लग, सगळं काढून ठेवा. आमच्या घरी एका वर्षी डिशच्या वायरने वीज आत आली आणि सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयवाटे टीव्हीपर्यंत गेली, दोन्ही गेले. ऑप्टिकलवर होतं तेवढं वाचलं.

प्रश्न (मालवणहून): दादानू, हेडफोन लावलो की खरखरता, जॅक फिरवलो की बरो वाजता, थोड्या टायमान परत तसाच. काय करूचा?

उत्तर: खारा वारा, दुसरं काही नाही. जॅकवर हिरवट-काळपट थर दिसेल, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पूस, सॉकेटसाठी पीसी पूर्ण बंद करून कानकाडीला तेच लाव आणि वाळू दे. खोबरेल, रॉकेल काही घालू नकोस, धूळ चिकटून आणखी बिघडतं. पुसूनही खरखर राहिली तर सॉकेटची पट्टी सैल झाली असं समज आणि यूएसबी डॅक घे, तो खराब झाला तर फक्त तोच बदलावा लागतो, मदरबोर्ड खोलायला लागत नाही. खेळून झालं की डॅक सिलिका जेलच्या पुडीबरोबर झाकणाच्या डब्यात ठेव, पावसाळ्यात तर रोज.