सापडलेला दगड जीवाश्म आहे की नुसतं खनिज, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

तुम्ही दोन दगडांबद्दल विचारलंय. एक जोतिबाच्या डोंगराच्या उतारावर मिळाला, त्यावर काळ्या नेच्याच्या पानासारखी नक्षी आहे. दुसरा घराचा पाया खोदताना निघाला, नारळाएवढा गोल, आणि शेजारीपाजारी त्याला डायनासोरचं अंडं म्हणतायत. तुमच्या वर्णनावरून तरी दोन्ही जीवाश्म वाटत नाहीत. कारण सांगतो, म्हणजे पुढच्या दगडाला कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

आपल्याकडे सगळे आधी आकार बघतात. तो सगळ्यात शेवटी बघायचा. पहिला प्रश्न म्हणजे दगड कुठल्या खडकातून आला. कोल्हापूर, करवीर, पन्हाळा या पट्ट्यात खाली जवळपास सगळीकडे काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. तो लाव्हा बाहेर येताना ११०० अंशांच्या घरात तापलेला असतो. त्यात सापडलेलं पान किंवा हाड जळून जातं, ठसा उरायचा प्रश्नच येत नाही. जीवाश्म मिळतात ते गाळाच्या खडकात. दख्खनच्या पठारावर दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात जिथं तळी साचली, तिथल्या गाळात ते आहेत. मुंबईत वरळीच्या अशाच थरात बेडकांचे सांगाडे मिळालेत, नागपूरच्या बाजूला शंखशिंपले. आपल्या भागात दोन थरांच्या मध्ये बहुतेक वेळा दिसतो तो भाजलेल्या मातीचा लाल पट्टा. विहीर खोदणाऱ्यांना तो बरोबर माहीत असतो.

आता तुमचं नेचं. त्याला डेंड्राइट म्हणतात. खडकाच्या बारीक भेगेत पाणी झिरपतं, त्यात विरघळलेलं मँगनीज आणि लोह असतं, ते ऑक्साइड होऊन भेगेच्या सपाट पृष्ठभागावर फांद्या फुटल्यासारखं पसरत जातं. सराफाकडचं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि नक्षीच्या बुंध्याकडे बघा. डेंड्राइट भेगेच्या कडेपासून सुरू होतो आणि आत पसरतो, एकाच कडेवर अशी पाच-सहा ‘रोपटी’ ओळीनं उभी दिसतील. खऱ्या नेच्याच्या पानाला मधली शीर असते, बारकी पानं तिच्या दोन्ही बाजूंना ठरावीक अंतरानं लागतात, प्रत्येक बारक्या पानाला स्वतःच्या शिरा असतात. डेंड्राइटमध्ये यातलं काही नसतं, फांदी वाटेल तिथं फुटते. शिवाय तो नुसता काळा लेप असतो, नखाला उंचसखलपणा जाणवत नाही. खऱ्या ठशाला थोडी तरी खोली असते.

गोल दगडाचं प्रकरण आणखी सोपं आहे. पाषाणाला उभ्या-आडव्या चिरा असतात, त्यामुळे त्याचे चौकोनी ठोकळे पडलेले असतात. चिरांतून पाणी आत गेलं की ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात, कारण तिथं तीन बाजूंनी मार बसतो. मग कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि मधला न कुजलेला गाभा गोल होऊन उरतो. भोवतीचा सगळा मुरूम म्हणजे हेच सुटलेले पापुद्रे. कोल्हापुरात मुरमात पाया खोदला की असे गोळे निघतातच. त्याला एका कडेला हातोड्यानं टवका काढा. आत बाहेर एकच काळा, बारीक कणांचा दगड असेल, कवच म्हणून वेगळं काही दिसणार नाही.

खरी डायनासोरची अंडी भारतात आहेत, पण ती मुख्यतः नर्मदेच्या खोऱ्यात आणि गुजरातमध्ये, चुनखडीयुक्त गाळात. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचा शोधनिबंध २०२३ साली आला. त्या अंड्यांना एक-दोन मिलिमीटर जाडीचं कवच स्वतंत्र दिसतं आणि भिंगातून त्यावर बारीक उंचवटे आणि छिद्रं दिसतात.

आपल्याकडे लोकांना सगळ्यात जास्त फसवतो तो मांजऱ्या दगड. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि पोकळ्या राहतात. पुढं लाखो वर्षं पाणी फिरून त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट (चुन्याचं खनिज), गारगोटी अशी खनिजं भरतात. असा दगड फोडला की आधी हिरवट पातळ अस्तर, त्याच्या आत पांढरं काहीतरी. लोक म्हणतात शिंपला, दात, हाडाचा तुकडा. त्यात थराच्या तळाला पेन्सिलीएवढ्या जाड उभ्या नळ्याही मिळतात, त्या तर हुबेहूब किड्यांच्या बिळांसारख्या दिसतात. लाव्हा थिजताना वायू वर चढला, त्यानं केलेल्या त्या नळ्या. इथं बघायचं ते एवढंच की स्फटिक कुठून कुठं वाढलेत. पोकळीच्या भिंतीपासून आत, मध्याकडे टोक करून वाढले असतील किंवा भिंतीवरच्या एका बिंदूपासून सुयांचा पंखा पसरला असेल तर ते खनिज. अकीक म्हणजे गारगोटीचा पट्टेदार प्रकार, त्यातल्या रेषांना लोक झाडाची वलयं समजतात, पण त्या पोकळीच्या वेड्यावाकड्या भिंतीचा आकार धरून जातात. लाकडाच्या वलयांना काटकोनात छेदणाऱ्या बारीक किरणरेषा असतात, त्या अकीकात नसतात. पन्हाळ्यावरच्या जांभ्यातली किड्यांनी पोखरल्यासारखी भोकंही कुठल्या किड्यांनी केलेली नाहीत. पावसाच्या पाण्यानं खडक कुजवताना तशी केलीत.

व्हिनेगरची चाचणी कुणी सांगेल, कराही, पण तिच्यावर निकाल देऊ नका. कॅल्साइट फसफसतं आणि शंखाचं जीवाश्मही फसफसतं, त्यानं फक्त चुना आहे एवढं कळतं. चाकूनं ओरखडा उठतो का, हे बघून गारगोटी आणि कॅल्साइट वेगळं करता येतं. जीवाश्माबद्दल तेही काही सांगत नाही. जिभेला चिकटतं ते हाड, असंही ऐकाल. कोरडी चिकणमातीही चिकटते.

कोल्हापुरात खरं जीवाश्म बघायचंच असेल तर डोंगर सोडा आणि एखाद्या जुन्या घराचं देवघर बघा. पंचायतनातला चक्र असलेला शाळिग्राम म्हणजे ॲमोनाइट, माखलीच्या नात्यातला ज्युरासिक काळातला समुद्री जीव, नेपाळात गंडकीच्या पात्रातून आलेला. त्याच तबकातला नर्मदेचा बाण आणि स्फटिक मात्र खनिजंच. शाळिग्रामाचं वेटोळं ठरावीक प्रमाणात रुंदावत जातं आणि त्यावरचे कंगोरे सारख्या अंतरानं येतात. प्राण्याच्या वाढीला असा नेम असतो. (बाजारात कोरून केलेलेही भरपूर आहेत, कंगोरे फक्त वरवर असतील तर संशय घ्या.) दुसरी जागा म्हणजे जैसलमेरच्या पिवळ्या दगडाची फरशी. पॉलिश केलेल्या तुकड्यांत कधी कधी शिंपल्यांचे छेद सहज दिसतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. पंचगंगेच्या काठच्या गाळात हाड किंवा दात मिळाला तर तो खडकातला नाही, नदीनं आणलेला किंवा माणसाच्या वस्तीतला असू शकतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तिथं सातवाहन काळातली वस्ती निघाली. असं काही मिळालं तर उकरत बसू नका. जागा तशीच ठेवा, फोटो काढा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.

खनिजं बघायची गोडी लागली असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून या (आपल्या भुदरगडातल्या गारगोटीशी त्याचा संबंध नाही). पोकळीत काय काय भरू शकतं हे तिथं एकदा बघितलं की अर्ध्या शंका मिटतात.

एवढं करूनही शंका राहिली तर फोटो टाका. पण दगडाला तेल किंवा वॉर्निश लावू नका, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, एक फोटो ताज्या फुटलेल्या बाजूचा असू दे, आणि दगड जिथून उचलला तिथल्या खडकाचाही एक.