बैर आणि एन : हिब्रू स्थळनामांतील पाणी

प्रश्न असा आहे : बायबलच्या जुन्या करारात 'बैर-शेबा', 'बैर-लहाय-रोई' अशी काही स्थळनामे येतात, तर 'एन-गेदी', 'एन-रोगेल' अशी दुसरी काही, दोन्हींत पाण्याचाच निर्देश असेल, तर 'बैर' आणि 'एन' समानार्थी मानावेत का?

मानू नयेत. 'बैर' (हिब्रू उच्चार 'बएर'च्या जवळचा) म्हणजे माणसाने खोदलेली विहीर. 'एन' हे 'आयिन' या शब्दाचे, पुढच्या शब्दाला जोडून येणारे रूप असून त्याचा अर्थ जमिनीतून आपोआप फुटलेला झरा असा आहे. डोळ्यालाही हिब्रूत 'आयिन'च म्हणतात. मृत समुद्राच्या पश्चिम काठावरील एन-गेदी म्हणजे 'करडाचा झरा'. शौल राजा पाठलाग करत असताना दावीद याच रानात लपला होता. एन-रोगेल यरुशलेमला लागून आहे आणि यहोशवाच्या पुस्तकात यहूदा व बन्यामीन या वंशांच्या सीमा सांगताना तो खूण म्हणून येतो.

विहिरीचे तसे नाही. ती कोणीतरी खोदलेली असते, म्हणून तिच्यावर हक्क सांगितला जातो आणि हक्कापाठोपाठ तंटाही येतो. विहिरींच्या नावांमागे एवढ्या कथा का, याचे कारण मला यातच दिसते. जुन्या कराराच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 21व्या अध्यायात, अब्राहाम गेरारचा राजा अबीमलेख याला सात कोकऱ्या वेगळ्या काढून देतो, त्या 'ही विहीर मी खोदली' याची साक्ष म्हणून. आणि लगेच पुढे म्हटले आहे की तेथे दोघांनी शपथ वाहिली म्हणून त्या जागेला बैर-शेबा म्हणतात. हिब्रूत 'सात' आणि 'शपथ घेणे' या दोन्ही शब्दांची मूळ अक्षरे शीन, बेथ, आयिन हीच आहेत, त्यामुळे 'सातांची विहीर' की 'शपथेची विहीर' असा वाद घालण्यात अर्थ नाही. कथेने दोन्ही अर्थ जाणूनबुजून जागे ठेवले आहेत. 26व्या अध्यायात तर पलिष्टी लोकांनी मातीने बुजवलेल्या बापाच्या विहिरी अब्राहामाचा मुलगा इसहाक पुन्हा उकरतो आणि त्यांना बापाने दिलेलीच नावे देतो. नव्या विहिरींवरून गेरारचे गुराखी भांडतात, तेव्हा एकीचे नाव एसेक (तंटा), दुसरीचे सितना (वैर) पडते. जिच्यावरून कोणी भांडले नाही ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

मात्र नावांत पाळलेला हा भेद कथनात नेहमीच काटेकोर राहत नाही. अब्राहामाच्या घरची दासी हागार हिला देवदूत भेटतो तो 'आयिन'पाशी, पण त्याच जागेचे नाव पडते बैर-लहाय-रोई. इसहाकाची होणारी बायको रिबका ज्या पाण्यावर घडा भरते त्यालाही 24व्या अध्यायात कधी 'बएर', कधी 'आयिन' म्हटले आहे. यात विसंगती शोधण्याचे कारण नाही, कारण खोदता खोदता झरा लागला की ती विहीरही असते आणि झराही. गेरारच्या खोऱ्यात इसहाकाच्या चाकरांना असेच पाणी लागले, तेव्हा मूळ शब्द आहेत 'बएर मायिम हय्यीम', म्हणजे जिवंत पाण्याची विहीर. 'विहिरीला जिवंत झरे आहेत' असे आपल्याकडेही म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाला येथे टीपेची गरज पडू नये.

प्रश्नात नसलेला तिसरा शब्दही येथे नोंदवायला हवा, कारण भाषांतरांत घोटाळा होतो तो त्याच्यामुळेच. 'बोर' म्हणजे पावसाचे पाणी साठवण्यासाठी खडकात कोरलेला खड्डा. आपल्या गडकिल्ल्यांवरचे टाके ते हेच. योसेफाला भावांनी टाकले ते बोरमध्ये, आणि 'तो रिकामा होता, त्यात पाणी नव्हते' असे मजकूर मुद्दाम सांगतो. त्याला विहीर म्हटले की हे वाक्य विचित्र वाटते, टाके म्हटले की सरळ लागते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील 2ऱ्या अध्यायातील देवाची तक्रारही अशीच वाचावी : लोकांनी जिवंत पाण्याचा झरा सोडला आणि स्वतःसाठी टाकी कोरली, तीही फुटकी, पाणी न धरणारी.