जोडीदार मुलाला निवडू द्या

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, अकरावी सायन्सला. आठव्या वर्षापासून टेनिस खेळतो. दुहेरीत राज्य पातळीवर तीन विजेतेपदं आहेत, पण एकेरीत दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपुढे जात नाही. उंची पाच फूट आठ इंच. रोहन बोपण्णा ४३व्या वर्षी जगात पहिला आला, म्हणजे दुहेरीत वय आणि उंची आड येत नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे की एकेरी बंद, फक्त दुहेरी. कॉलेज सोडून १७ नंबरचा फॉर्म भरायचा आणि पुढच्या वर्षी परदेशातल्या स्पर्धा सुरू करायच्या. त्यासाठी एक प्लॉट विकायची तयारी आहे. वर्षभरात आम्ही चार जोडीदार बदलून पाहिले, पण कुणी टिकत नाही. चांगला जोडीदार कसा शोधावा? आणि निर्णय बरोबर आहे ना?
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात एकेरीतल्या हरण्यापेक्षा मला एका वाक्याची जास्त काळजी वाटली. ‘आम्ही चार जोडीदार बदलून पाहिले.’ हे ‘आम्ही’ म्हणजे कोण? पत्रभर मुलाचं एकही मत नाही. त्याला एकेरी सोडायची आहे का, कॉलेज सोडायचं आहे का, त्या चार मुलांपैकी कुणासोबत खेळायला त्याला आवडत होतं, यातलं काहीच कळत नाही. चार जोडीदार बदलले याचा अर्थ चार वेळा कुणीतरी समोरच्या मुलाच्या घरी फोन करून ‘आता तुमचा नको’ असं सांगितलं. तो फोन तुमच्या मुलानं केला नसावा, असा माझा अंदाज आहे. तुम्ही केला असेल, तर ज्या व्यवसायात त्याला पाठवायला निघालात त्यातलं सर्वात महत्त्वाचं काम तुम्ही त्याच्या हातून काढून घेतलं आहे.

दुहेरीच्या खेळाडूचं अर्धं करिअर कोर्टाबाहेर चालतं. कोणत्या आठवड्यात कुठे खेळायचं, कुणासोबत, कोण उजव्या बाजूनं रिटर्न घेणार, कोण डाव्या, प्रशिक्षक एक असेल तर त्याचा खर्च कसा वाटायचा, जोडी कोणत्या तारखेपर्यंत पक्की, आणि एकाला एकेरीच्या मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळाला तर दुसऱ्यानं काय करायचं. हे सगळं खेळाडू एकमेकांशी बोलून ठरवतात. जो शब्द पाळतो, हरल्यावर जोडीदाराकडे रोखून बघत नाही आणि जोडी मोडायची असेल तर वेळेवर आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो, त्याला पुढचा जोडीदार मिळतो. दुहेरीचं वर्तुळ लहान आहे, तिथे नाव खराब व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या मुलाला वर्षभरात यातली एकही गोष्ट शिकायची संधी मिळालेली नाही. उलट जिल्ह्यातल्या बाकी पालकांना एवढंच समजलं आहे की या मुलासोबत आपला मुलगा खेळला आणि दोन मॅच हरला, तर फोन येतो. कुणी टिकत नाही याचं कारण मला तिथेच दिसतं.

आणखी एक नुकसान तुमच्या लक्षात आलं नसेल. चार जोडीदारांसोबत तो एकाच बाजूनं खेळला का? की दर वेळी नव्या मुलाच्या सोयीनं कधी ड्यूस कोर्टला (उजवीकडे), कधी अॅड कोर्टला (डावीकडे)? रिटर्नचा कोन, बॅकहँडवर येणारी सर्व्हिस, मधल्या चेंडूवर कुणाचा हक्क, हे सगळं बाजूवर ठरतं. सोळाव्या वर्षी एक बाजू पक्की होऊ द्यायची असते.

आता गैरसमजाकडे. एकेरीत जमत नाही म्हणून दुहेरी, हे अनेक पालकांना वाटतं आणि ते चूक आहे. बोपण्णाचंच घ्या. २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनसोबत त्यानं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच सुमारास ४३व्या वर्षी तो दुहेरीत अव्वल झाला, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण तो व्यावसायिक झाला २००३ च्या सुमारास, म्हणजे पुरुष दुहेरीच्या पहिल्या ग्रँड स्लॅमपर्यंत दोन दशकं गेली. एकेरीत तो जगात २१३व्या क्रमांकापर्यंत पोहोचला होता, आणि २०१० मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस चषक लढतीत २-२ अशा बरोबरीनंतरचा निर्णायक एकेरीचा सामना त्यानंच जिंकला. उंची सहा फुटांहून जास्त, त्यामुळे उंची आड येत नाही याचं उदाहरण म्हणून तर तो चालतच नाही. सानिया मिर्झा एकेरीत २७वी होती, मनगटाच्या दुखापतींनंतर ती दुहेरीकडे वळली आणि २०१५ मध्ये पहिली आली. युकी भांब्री ज्युनिअर ऑस्ट्रेलियन ओपन विजेता, एकेरीत ८३व्या क्रमांकापर्यंत गेलेला. लिएंडर पेसकडे १९९६ च्या ऑलिंपिकचं एकेरीचं ब्राँझ आहे. ही माणसं एकेरी नीट शिकून, पुष्कळ खेळून मग दुहेरीत गेली.

यामागे साधं गणित आहे. एकेरीत दर दोन गेममागे एक गेम तुमची सर्व्हिस असते, दुहेरीत दर चार गेममागे एक. रिटर्नचंही तसंच. एकेरीत समोरच्याच्या सर्व्हिसचा प्रत्येक चेंडू तुमच्याकडे येतो, दुहेरीत एक सोडून एक. म्हणजे एकेरी बंद केली की मॅचच्या दडपणाखाली मारायच्या सर्व्हिस आणि रिटर्न जवळपास निम्म्यावर येतात. आणि दुहेरी जिंकून देणारे फटके हेच दोन! नेटवर उभ्या माणसाला चुकवून, तिरपा, सर्व्हरच्या पायाशी पडणारा रिटर्न मारायला कोर्टाचा अर्धाच भाग मिळतो. तो रिटर्न एकेरीत हजारो वेळा मारूनच बसतो. सोळाव्या वर्षी एकेरी तोडणं म्हणजे दुहेरीचं मूळच कापणं.

व्यावसायिक दुहेरीत प्रवेश कसा मिळतो, हेही समजून घ्या. दोघांच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि बेरीज जितकी लहान तितकी संधी जास्त. १८० आणि २४० ची जोडी म्हणजे ४२०. कट, म्हणजे प्रवेश मिळालेली शेवटची बेरीज, ४०० ला लागला तर दोघंही बाहेर. पुरुषांच्या व्यावसायिक टूरवर (एटीपी) या बेरजेसाठी दुहेरीऐवजी एकेरीचा चांगला क्रमांकही धरता येतो, त्यामुळे एकेरीचे खेळाडू ऐनवेळी जोडी जमवून निव्वळ दुहेरीवाल्यांना बाहेर ढकलतात. एटीपी २५० दर्जाच्या स्पर्धेत दुहेरीच्या जोड्या असतात फक्त १६. गुण मात्र प्रत्येक खेळाडूच्या स्वतःच्या नावावर राहतात, ५२ आठवडे. जोडी फुटली तरी ते बुडत नाहीत. म्हणून ‘आत्ताच कायमचा जोडीदार’ हा तुमचा शोध अनाठायी आहे.

पैसा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) सर्वात खालच्या, १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून हजार डॉलरच्या आसपास मिळतात. त्याचे दोन भाग, वर करकपात. परदेशात आठवडाभर राहण्या-जेवण्याचा आणि विमानाचा खर्च जिंकूनही निघत नाही. वरच्या टोकाला, २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये बोपण्णा-एब्डन जोडीला मिळून ७ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, तर एकेरीच्या विजेत्याला एकट्याला साडेएकतीस लाख. २०२४ पासून एटीपी काही खेळाडूंना किमान वार्षिक उत्पन्नाची हमी देते, तीही एकेरीतल्या पहिल्या २५० जणांना. दुहेरीवर घर चालतं ते साधारण पहिल्या शंभरात स्थिरावल्यावर, आणि तिथे टिकून राहणंही दर आठवड्याचं काम आहे.

हे सगळं दुहेरीला कमी लेखण्यासाठी लिहिलेलं नाही. ते स्वतंत्र कसब आहे, आणि त्यात मुरलेली जोडी नावाजलेल्या एकेरीच्या खेळाडूंना हरवते. २०२५ च्या यूएस ओपननं मिश्र दुहेरीचं स्वरूप बदलून एकेरीतल्या बड्या खेळाडूंनाच गोळा केलं. जिंकले कोण? सारा एरानी आणि आंद्रेआ वावासोरी, दुहेरीत मुरलेले दोघं. अंतिम फेरीत त्यांनी एकेरीतल्या श्वियाँतेक आणि रूड यांना हरवलं. तुमच्या मुलाची तीन विजेतेपदं हेच सांगतात की त्याचा हात नेटवर चांगला आहे. ते जपायचं आहे.

मग दोन वर्षं काय करायचं? एकेरी-दुहेरी दोन्ही, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. ज्युनिअर आयटीएफ क्रमवारीत एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल पूर्ण धरतात आणि दुहेरीच्या सहा निकालांचे गुण फक्त पाव पट, तेव्हा नुसती दुहेरी खेळून तो क्रमवारीत वर येणारच नाही. परदेशाआधी देशातल्या अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या (एआयटीए) आणि ज्युनिअर आयटीएफ स्पर्धा पुरेत. प्रशिक्षकाला दुहेरीसाठी आठवड्यातून दोन सत्रं वेगळी मागा. त्यात जोडीदार नेटवर उभा असताना दुसरी सर्व्हिस, ठरलेल्या चौकोनात. अर्ध्या कोर्टातले तिरपे गुण. पहिल्या व्हॉलीनंतर पुढे सरकणं. आणि ४०-४० च्या एकाच गुणाचा सराव, कारण व्यावसायिक दुहेरीत बहुतेक ठिकाणी तिथे अॅडव्हांटेज नसतो, पुढच्या एकाच गुणावर गेम ठरतो, बाजू रिटर्न घेणारी जोडी निवडते, आणि सेट १-१ झाले की तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक असतो. ग्रँड स्लॅममध्ये मात्र पुरुष दुहेरी पूर्ण तीन सेटची. मॅचनंतर वहीत तीनच आकडे लिहायचे : पहिली सर्व्हिस किती टक्के आत गेली, किती रिटर्न खेळात राहिले, निर्णायक गुण किती जिंकले. वही त्यानं ठेवायची. तुम्ही तपासायची नाही.

१७ नंबरचा फॉर्म भरू नका. टेनिस आणि शिक्षण दोन्ही पुढे नेणारा, दुहेरीच्या खेळाडूला सर्वात उपयोगी पडणारा रस्ता अमेरिकन विद्यापीठांतून जातो. महेश भूपती मिसिसिपीत शिकला, ब्रायन बंधू स्टॅनफर्डला, राजीव राम इलिनॉयला. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला खेळला, आणि २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीसोबत त्यानं अल्माटीत एटीपीचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमची. हांगझोऊच्या एशियाडमध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिनं बोपण्णासोबतच जिंकलं. अमेरिकन विद्यापीठांच्या सांघिक लढतीत आधी दुहेरीचे तीन सामने होतात, एकेका सेटचे. तीनपैकी दोन जिंकले की संघाला एक गुण. मग एकेरीचे सहा सामने. म्हणून तिथल्या प्रशिक्षकाला दोन्ही खेळणारा मुलगा हवा असतो. ते यूटीआर रेटिंग (निकालांवरून काढलेलं खेळाच्या पातळीचं मानांकन) आणि न कापलेला मॅचचा व्हिडिओ बघतात, आणि विद्यापीठ नववीपासूनचे मार्क मागतं. नियमित कॉलेजचं सलग प्रगतिपत्रक म्हणूनच लागतं. ई-मेल अकरावीतच सुरू करायचे, मुलानं स्वतःच्या नावानं. बारावीनंतर किती महिने खेळत थांबता येतं आणि बक्षिसाची रक्कम किती घेता येते, याचे नियम कडक आहेत आणि बदलत राहतात, त्यामुळे एकही डॉलर स्वीकारण्यापूर्वी त्या प्रशिक्षकाकडून लेखी विचारून घ्या.

इथेच राहायचं असेल तर खेळाडूंसाठीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, रेल्वेतली खेळाडूंची भरती, प्रशिक्षक होण्याचे अभ्यासक्रम हे मार्ग तुम्हाला माहीत असतीलच. वय निसटून जाईल ही भीतीही सोडा. फिनलंडचा हॅरी हेलिओव्हारा काही वर्षं टेनिस सोडून हेलसिंकीच्या विमानतळावर नोकरी करत होता. २०२४ ची विम्बल्डन दुहेरी त्यानं जिंकली.

आता मुलाशी. बाळा, त्या चौघांपैकी ज्याच्यासोबत खेळताना तुला मॅचमध्ये मोकळेपणानं बोलता येत होतं, त्याला तू स्वतः फोन कर. मागचं जे झालं त्याबद्दल सरळ बोल. सहा महिने एकत्र खेळायचं, बाजू कोणती, स्पर्धा कोणत्या, हे दोघांनी ठरवा. तो नाही म्हणाला तर ते ऐकून घ्यायचं आणि दुसऱ्याला विचारायचं. दुहेरी तुला मनापासून आवडते की एकेरीतल्या हरण्यापासून ती तुला वाचवते, याचंही उत्तर तुझं तूच शोध. दोन्ही उत्तरं चालतील, पण पुढची वाट त्यावर ठरेल. आणि टेनिस यापुढे फक्त आवडीसाठी खेळायचं आहे असं वाटत असेल, तर तेही बाबांना सांग. ते ऐकून घ्यायची जबाबदारी त्यांची आहे.

प्लॉट विकू नका. अठराव्या वर्षी, बारावी झाल्यावर, तो देशातल्या १५ हजार डॉलरच्या स्पर्धांत दुहेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत वारंवार पोहोचत असेल, तर एका वर्षाचा खर्च मोजून मर्यादा ठरवा आणि तेवढेच पैसे बाजूला काढा. तेव्हाही हिशेबाला मुलाला शेजारी बसवा.