वीज चमकते, पण गडगडाट का नाही?

प्रश्न : रात्री गच्चीवरून लांबचे ढग उजळताना दिसतात, पण आवाज येत नाही. वीज किती दूर असते? बघत थांबावं का?

उत्तर : लखलखाटापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, उत्तर किलोमीटरमध्ये. १५ सेकंद म्हणजे ५ किलोमीटर. गडगडाट सहसा १५-२० किलोमीटरपलीकडे पोचत नाही, कारण वरच्या थंड हवेमुळे आवाज वर वळतो. उजेड मात्र शंभर किलोमीटरवरूनही दिसतो. असं मूक वादळ जरूर बघा, ढगाचा ऐरणीसारखा पसरट माथा आतून उजळताना फार देखणा दिसतो! गडगडाट ऐकू आला की मात्र लगेच घरात या. डोक्यावर पाऊस नसतानाही वीज पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच थांबा.