चाकांवरचं घर, कॅम्पवरचं काम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो, यंदाच निवृत्त झालो. मुलगी पुण्याला स्थायिक आहे. पेंचच्या जंगलाच्या बाजूला एका ओळखीच्या मुलाचा तंबूंचा कॅम्प आहे. तो म्हणतो, "काका, तुम्ही कॅराव्हॅन घ्या, माझ्या जागेत लावा. वीज, पाणी, जेवण माझ्याकडून. तुम्ही दोघं कॅम्प सांभाळा." अमेरिकेत निवृत्त लोक असंच राहतात, हे त्यानं व्हिडिओत दाखवलं. बायको तयार आहे. फ्लॅट विकून गाडी घ्यावी असं मनात घोळून राहिलं. तुम्ही स्वतः असं राहता, म्हणून विचारतो. करावं का?

उत्तर: काका, करा. फ्लॅट मात्र विकू नका. पहिलं वर्षभर तर भाड्यानेही देऊ नका, कुलूप लावून ठेवा. गाडी फ्लॅटला हात न लावता जमेल तेवढ्या पैशात घ्या, जुनी घ्या, लहान घ्या.

असं का म्हणते ते सांगते. या व्यवस्थेत तुमची नोकरी आणि तुमचं घर दोन्ही एकाच माणसाच्या हातात जातं. आज तो मुलगा चांगला आहे, उद्याही चांगलाच राहील असं धरू. पण कॅम्प तोट्यात गेला, जागेचा मूळ मालक बदलला, भागीदार आला, तर एका संध्याकाळी काम जाईल आणि त्याच संध्याकाळी वीज-पाणीही जाईल. "चाकं आहेत, निघून जाऊ" असं तुमच्या मनात येईल. निघून कुठे उभे राहाल? अमेरिकेत अशा गाड्यांसाठी वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागा गावोगाव आहेत. तिथले वर्कॅम्पर म्हणवणारे, म्हणजे कॅम्पवर काम करत आपल्याच गाडीत राहणारे लोक एका ठिकाणी हंगाम संपला की दुसऱ्या राज्यात जातात, थंडी पडली की दक्षिणेकडे. आपल्या राज्याचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच मुळी २०२१ मध्ये आलं. विदर्भात रात्रभर प्लग आणि नळ मिळेल अशी जागा शोधावी लागते. म्हणून परतायला आपलं छप्पर हवंच.

त्या व्हिडिओत बहुधा आलं नसेल असं एक सांगते. तिकडे हा व्यवहार तासांवर चालतो. आठवड्याला इतके तास काम, त्या बदल्यात जागा आणि जोडण्या. त्यापुढच्या तासांचे पैसे. हे सगळं आधी ठरतं, लिहून ठरतं. आपल्याकडे "घरचीच माणसं आहेत" म्हणून काहीच ठरत नाही, आणि घरच्या माणसाला मग पहाटे चारलाही हाक मारता येते. सफारीच्या हंगामात आमचा दिवस तसाच सुरू होतो. पाहुणे जिप्सीत बसायच्या आधी चहा हवा, न्याहारीची पाकिटं बांधलेली हवीत, कोणाचं ओळखपत्र खोलीत राहिलेलं असतं. ते गेले की चादरी, पाण्याची टाकी, भाजीवाला, गॅस. दुपारी नवे पाहुणे. रजिस्टर भरायचं, प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवायची, ते काम माझ्याकडे. रात्री कोणीतरी गाडीचा स्पीकर लावतोच. त्याला समजावायला माझे यजमान जातात. हे सगळं मला मनापासून आवडतं, नाहीतर राहिले नसते. पण याला काम म्हणायचं आणि कामाचे तास मोजायचे.

तेव्हा त्या मुलाला घरी बोलवा, तर्री पोहे खाऊ घाला आणि कागद पुढे ठेवा. दोघांचे तास वेगवेगळे लिहा. काकूंचं काम तुमच्या कामात मिसळून टाकू नका. हा मुद्दा मी कधीच सोडणार नाही, कारण जोडप्याला ठेवलं की बाईचे तास कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी बदली कोण, ते लिहा. जागा आणि जेवण एका बाजूला, रोख पगार दुसऱ्या बाजूला, आणि पगार बँकेतून. काम सोडायला किंवा सोडवायला दोन्हीकडून महिन्याची पूर्वसूचना, तोवर वीज-पाणी तोडायचं नाही. आणि पावसाळ्याचं स्पष्ट विचारा. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्रातलं पर्यटन बंद असतं, पाहुणे रोडावतात. त्या तीन महिन्यांत पगार चालू, अर्धा, की बंद? बरेच कॅम्पमालक याचा विचार तुम्ही विचाराल तेव्हाच करतात.

आता उन्हाळा. तुम्ही नागपूरचे, तुम्हाला ४५ अंश काय ते सांगायला नको. पण पत्र्याच्या गाडीतला नवतपा वेगळा. गाडी कुठे उभी करता यावर अर्धा उन्हाळा ठरतो, आणि इथे जंगल फसवतं. पेंचकडचं जंगल मुख्यतः सागाचं. पावसात साग इतका दाट की खाली अंधार होतो, आणि एप्रिल-मे महिन्यात नेमका उघडाबोडका. हिवाळ्यात जागा बघायला गेलात तर सावली दिसेल, मे महिन्यात ती नसेल. आंबा, जांभूळ, करंज यांच्या पूर्वेला गाडी लावा, म्हणजे दुपारनंतरचं ऊन झाड अडवेल. वाळक्या फांद्या आधी तोडून घ्या, कारण अवकाळी वादळात त्याच छतावर येतात. मोहाखाली मात्र लावू नका. मार्च-एप्रिलमध्ये फुलं गळतात, ती खायला पहाटे अस्वल येतं, आणि तुमचा दरवाजा नेमका तिकडेच उघडणार.

एसीच्या आधी कूलरचा विचार करा. आपला नागपुरी कूलर बाहेरून खिडकीला लावा, समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा. कोरड्या उन्हाळ्यात तो लहानशा गाडीला पुरेसा गार करतो आणि वीज अगदी कमी घेतो. पहिल्या पावसानंतर त्याचा उपयोग संपतो. तेव्हा पंखा आणि डासांची जाळी.

विजेचं गणित काकूंनाही समजावून सांगा. अमेरिकेतल्या कॅम्पवर ३० अँपिअरची साधी जोडणी १२० व्होल्टवर ३,६०० वॅट देते. आपला १६ अँपिअरचा पॉवर सॉकेट २३० व्होल्टवर साधारण तेवढंच देतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास, इंडक्शन शेगडी दोन हजारांपर्यंत, गीझरही तितकाच. म्हणजे एका वेळी फार तर एसी आणि दुसरं एक, त्यापुढे लावलं की एमसीबी पडणार. त्यातही जोडणी तंबूंच्या लाइनवरून घेऊ नका, मुख्य बोर्डापासून तुमची स्वतंत्र वायर टाकून घ्या. गुंडाळीवरची एक्स्टेन्शन वायर वापरावी लागली तर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली तापते आणि वितळते. सगळ्यांत महत्त्वाचं अर्थिंग. गाडी धातूची आहे आणि टायरवर उभी आहे. आत कुठे वायर उघडी पडली तर गाडीच्या पूर्ण पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि पावसात चिखलात उभं राहून दाराची कडी धरणारा माणूस तो झेलतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. गॅस सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी जाळी असू द्या. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो.

काळ्या मातीवर गाडी पावसाळ्यात उभी राहत नाही. माती फुगते, एक चाक खचतं, गाडी कलते, मग ना दार नीट लागत, ना मोरीचं पाणी जात. जूनच्या आधी मुरुम टाकून, दाबून ओटा करून घ्या, खर्च मालकाचा. ओट्याभोवती गवत वाढू देऊ नका. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरतो, झोपलेल्या माणसाला चावतो आणि वेदना फारशी होत नसल्यानं कळतही नाही. गाडीच्या तळाला पाइप-वायरची जी भोकं असतात ती सगळी बुजवा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे राहायला जायच्या आधी स्वतः जाऊन विचारा.

आणि संडासाचं पाणी. गाडीत दोन टाक्या असतात, एक मोरीच्या पाण्याची, एक मैल्याची. मैल्याची टाकी फक्त सेप्टिक टँकमध्येच रिकामी करायची. फॉर्मल्डिहाइडचं रसायन त्यात घालू नका, सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि मैला कुजत नाही. "नाला आहे ना पलीकडे" असं कोणी म्हणालं तर त्या कॅम्पवर राहू नका, इतकं मी ठामपणे सांगते. नागपूरच्या नळाला येणारं बहुतेक पाणी पेंच नदीचं आहे. आपल्याच शहराच्या पाण्यात आपण हे सोडायचं नाही.

शेवटी पत्ता. आधार, पेन्शन, बँक, गाडीचं आरसी बुक, सगळं त्रिमूर्तीनगरच्या पत्त्यावर राहू द्या. फ्लॅट न विकण्याचं हेही कारण आहे. अमेरिकेत असे लोक साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडात कायदेशीर पत्ता घेतात आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेला पैसे देतात. आपल्याकडे तशी सोय नाही. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी शहरात खेप नको. मतदानाचं म्हणाल तर १९५० च्या कायद्याप्रमाणे तात्पुरतं बाहेर राहिल्यानं रहिवासीपण जात नाही. पण नुसती फ्लॅटची मालकी आहे म्हणून ते टिकतही नाही. कॅम्पवरच कायमचे राहिलात तर ८ नंबरचा फॉर्म भरून नाव तिकडे न्या. गावाच्या ग्रामपंचायतीत तुमचं मत असणं चांगलंच आहे.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, मेकॅनिकल डिप्लोमा. जुनी ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन वाठोड्याच्या गॅरेजमध्ये स्वतःच कॅम्पर बनवणार आहे आणि ताडोबाच्या एका रिसॉर्टवर काम करत त्यातच राहणार आहे. काही सल्ला?

उत्तर: हात चालवण्याआधी आरटीओत जा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नीट वाच. आरसीमध्ये जे लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी मनानं बनवता येत नाही. आधी परवानगी, नंतर बदलाची नोंद. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा तुझं वाहन आणि घर दोन्ही गेलेलं असेल. मान्यताप्राप्त बिल्डरकडून सांगाडा आणि कागद करून घे, आतलं सुतारकाम आणि वायरिंगची आखणी तू कर. वजन आधी मोज: २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, आणि ते मागच्या चाकांच्या मागे ठेवलंस तर गाडी डोलते. तुझं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतच्या गाडीला चालतं. ताडोबा मंगळवारी बंद असतं, तीच सुट्टी माग. आणि पहिले पंधरा दिवस मे महिन्यात राहून बघ, डिसेंबरात नाही.

प्रश्न: मुलगा टेक्सासला आहे. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जाणार. तिथल्या शेजाऱ्यांनी सुचवलं की त्यांची आरव्ही, म्हणजे राहायची गाडी, घेऊन एखाद्या कॅम्पग्राउंडवर होस्ट म्हणून राहा, पगार नाही, फक्त जागा फुकट. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. तुम्ही बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर जाताय आणि त्यावर काम करता येत नाही. पगार घेतला नाही तरी कामाच्या बदल्यात जागा मिळते, तो मोबदलाच झाला. उघडकीला आलं तर पुढचा प्रवेश अडू शकतो, नातवंडं तिकडे असताना हा धोका घेऊ नका. आरव्ही घेऊन पाहुणे म्हणून जरूर जा, जागेचं भाडं भरा. तिथले होस्ट बहुधा तुमच्याच वयाचे असतील. त्यांच्याशी बोला, त्यांचे तास, सुट्ट्या, औषधपाण्याची सोय विचारा, आणि मला लिहून पाठवा.

प्रश्न: आम्ही पुढल्या महिन्यापासून उमरेड-कऱ्हांडल्याच्या एका कॅम्पवर गाडीत राहायला जातोय. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांना सोबत नेता येईल का?

उत्तर: नोव्हेंबर ते फेब्रुवारी न्या, त्यांना फार बरं वाटेल. पण त्यांची झोपायची सोय गाडीत करू नका, कॅम्पमालकाकडून पक्क्या बांधणीची, संडास जोडलेली एक खोली कामाच्या करारातच मागून घ्या. गाडीच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. रात्री लघवीला उठलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी ती सगळ्यांत धोक्याची जागा. दिवसा त्या तुमच्याकडे येतील तेव्हासाठी दाराशी रुंद लाकडी पायरी आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडी बसवा. मार्च लागला की त्यांना नागपूरला परत आणा, आणि त्यांच्याजवळ कोण राहील हे आत्ताच, त्यांना विचारून, ठरवा.