डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन युरोपातले ख्रिसमस बाजार पाहायचे आहेत. कुठे आणि कधी जावं?

तुम्ही लिहिलंय की सुट्टी 24 डिसेंबर ते 2 जानेवारी अशी मिळेल, आई-बाबा साठीच्या पुढचे आणि शाकाहारी आहेत, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून सहा शहरं करायची आहेत. शहरांचं नंतर बोलू. जमत असेल तर आधी सुट्टीच्या तारखा बदलून घ्या. कारण तुम्ही इथे पोहोचाल तेव्हा बहुतेक बाजार उठलेले असतील.

मी गेली नऊ वर्षं जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ राहते. माझे सासू-सासरे पहिल्यांदा आले ते 25 डिसेंबरला सकाळी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोठ्या हौसेने चौकात घेऊन गेले. तिथे फळ्या उतरवणं चाललं होतं, कापडी छपरांच्या घड्या होत होत्या. मलाही तोवर नीट ठाऊक नव्हतं. नाताळचा बाजार म्हणजे नाताळात असणारच, असं मी धरून चालले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, जत्रा उठल्यावर आलो आपण." ते वाक्य मला फार लागलं. दोन वर्षांनी त्यांना डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. खाली जे लिहितेय ते बरंचसं त्या दुसऱ्या फेरीतून शिकलेलं आहे.

हे बाजार मुळात नाताळचे नाहीतच, नाताळची वाट पाहण्याच्या दिवसांचे आहेत. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा जो काळ, ज्याला मराठी ख्रिस्ती मंडळी आगमनकाळ म्हणतात, त्याला इथे आडव्हेंट म्हणतात. 1839 साली हाम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विशर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी एक आश्रम चालवत होते. नाताळ कधी येणार म्हणून मुलं रोज विचारायची. तेव्हा त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या: साध्या दिवसाची लहान, रविवारची मोठी. रोज एक पेटवायची. आज घरोघरी दिसणारं चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं त्यातूनच आलंय. बाजारही तसाच, दिवस मोजत चालणारा. सण आला की त्याचं काम संपलं. न्यूरेंबर्गचा बाजार 24 तारखेला दुपारी दोनला मिटतो, कोलोनचा कॅथीड्रलसमोरचा तर 23 लाच. 24 च्या संध्याकाळी रस्ते सामसूम होतात, माणसं आपापल्या घरी जातात, आणि 25-26 ला दुकानंही बंद असतात.

तेव्हा 1 ते 15 डिसेंबरमधले नऊ-दहा दिवस काढा. पहिला आडव्हेंट रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्यानंतरचे सोमवार ते गुरुवार सर्वांत चांगले. शनिवारी-रविवारी न्यूरेंबर्गच्या चौकात गर्दी इतकी असते की वयस्कर माणसाचा हात सुटला तर शोधणं अवघड होतं.

तारखा बदलणं अगदीच अशक्य असेल तर प्राग धरा, तिथला जुन्या शहराच्या चौकातला बाजार 6 जानेवारीपर्यंत चालतो. व्हिएन्नातला शोनब्रुन राजवाड्यासमोरचा बाजारही नाताळनंतर नववर्षाचा बाजार म्हणून सुरू राहतो. चुकलेली सुट्टी त्यावर भरून निघेल, पण मी सांगतेय ती चव त्यात नाही.

सहा शहरांचा विचार सोडा. डिसेंबरात इथे सव्वाचार-साडेचारला अंधार पडतो आणि बाजाराची खरी शोभा अंधार पडल्यावर असते. रोज शहर बदललंत तर नेमक्या त्या वेळी तुम्ही गाडीत किंवा हॉटेलात सामान लावत असाल. मी सुचवेन: चार रात्री न्यूरेंबर्ग, तीन रात्री ड्रेस्डेन, दोन रात्री प्राग. ड्रेस्डेनहून प्रागची रेल्वे एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, प्रवास अडीच तासांच्या आसपास. बाबांना खिडकीची जागा द्या.

न्यूरेंबर्गबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण हा बाजार मला आपला वाटतो. तिथल्या वस्तुसंग्रहालयात लाकडाची एक छोटी रंगवलेली पेटी आहे. ती 1628 सालच्या या बाजारातून भेट म्हणून पाठवल्याचं तिच्यावर लिहिलंय. बाजाराचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा. नाव ख्रिस्टकिंडलेसमार्क्ट, म्हणजे बाळख्रिस्ताचा बाजार. पूर्वी मुलांना भेटी आणायचा संत निकोलस. धर्मसुधारणेनंतर लूथरच्या अनुयायांना संतांची पूजा नको होती, म्हणून भेटी आणणारा झाला ख्रिस्टकिंड, आणि बाजाराला त्याचंच नाव मिळालं. गंमत अशी की आज ते रूप एक मुलगी घेते. दर दोन वर्षांनी 16 ते 19 वयाच्या मुलींमधून शहर तिची निवड करतं. उंची निदान 160 सेंटिमीटर हवी आणि उंचीची भीती नको, कारण उद्घाटनाच्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ती चौकातल्या चर्चच्या उंच सज्जात उभी राहून खालच्या हजारो लोकांना बाजाराचं आमंत्रण देते. सोनेरी मुकुट, सोनेरी कुरळे केस, पांढरा-सोनेरी पायघोळ झगा. 2019 साली निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले. तेव्हा एका पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या दिसण्यावरून वाईट लिहिलं, आणि सगळं शहर तिच्या पाठीशी उभं राहिलं. त्या आठवड्यात आम्हा इथल्या भारतीयांना काय वाटलं असेल, ते तुम्ही समजू शकता. उद्घाटनाच्या गर्दीत आई-बाबांना नेऊ नका. ख्रिस्टकिंड नंतरही अनेक दुपारी बाजारात येते, तेव्हा जवळून भेटते.

त्या आमंत्रणात बाजाराला "लाकूड आणि कापडाचं गाव" म्हटलंय, आणि तो अगदी तसाच दिसतो: लाकडी टपऱ्या, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड. सुक्या आलुबुखारांची माणसं विकायला असतात. हात, पाय, धड आलुबुखाराचं, डोकं अक्रोडाचं, अंगात बेतलेले कपडे. त्यात लोहार असतो, आजी-आजोबांची जोडी असते. सासूबाईंनी त्यातली जोडी घेतली, ती आज साताऱ्याच्या घरी दिवाणखान्यातल्या कपाटात आहे.

दुपारी बाराला त्याच चर्चच्या घड्याळाखाली उभे राहा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची कळसूत्री आहे, सम्राट चौथ्या कार्लभोवती सात निर्वाचक, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेले सत्ताधीश, फेऱ्या मारतात. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हा चौक पूर्वी ज्यू लोकांची वस्ती होता. 1349 साली त्यांची कत्तल झाली, वस्ती पाडून चौक केला, प्रार्थनागृहाच्या जागी हे चर्च उभं राहिलं. याच कार्लने त्या पाडापाडीला आधी परवानगी दिली होती. मी पाहुण्यांना दोन्ही सांगते. दिवे पाहावेतच, पण आपण कुठे उभे आहोत तेही माहीत असावं.

आता मसाल्याचा वास. लेबकूखन म्हणजे इथला मसालेदार गोड पदार्थ, बिस्किटापेक्षा मऊ, केकपेक्षा घट्ट. मध भोवतालच्या जंगलातला. दालचिनी, लवंग, वेलदोडा मात्र आपल्या समुद्राकडून व्हेनिसमार्गे यायचे, आणि न्यूरेंबर्ग त्या व्यापारी वाटेवर होतं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "यात वेलदोडा आहे, आणि जायपत्रीसुद्धा." दुकानदारीण बाईंना मी ते जर्मनमध्ये सांगितलं, त्या एकदम खूश झाल्या. घ्यायचंच तर "एलिझेन" प्रकार घ्या. त्यात निदान पाव हिस्सा बदाम, अक्रोड वगैरे असावेच लागतात आणि पीठ दहा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पण त्यात बहुधा अंडं असतं. आई-बाबा अंडं खात नसतील तर आधी विचारा.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, एवढं नक्की. किसलेल्या बटाट्याचे तळलेले घावन मिळतात, सोबत सफरचंदाचा गोड गर. इथे त्यांना काही ठिकाणी राइबेकूखन तर काही ठिकाणी कार्टोफेलपुफर म्हणतात. यातही अंडं असू शकतं. भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवून परतलेले बदाम आणि लसणाच्या सॉसमधले मशरूम सगळीकडे असतात. पातळ पावावर साय-कांदा पसरून भाजलेल्या फ्लामकूखनवर बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, म्हणून "ओने श्पेक" म्हणजे "त्याशिवाय" असं स्पष्ट सांगा. गरम पेयांत ग्लूवाइन ही मसाला घातलेली वाइन, तर किंडरपुन्श हा मुलांसाठीचा गरम फळांचा रस. दोन्ही सारख्याच मगात येतात, मागताना नीट नाव घ्या. मगासाठी काही युरो अनामत घेतात, रिकामा मग परत दिला की ती मिळते. आवडला तर घरी न्या, दर वर्षी मगावरचं चित्र बदलतं. सुटे पैसे जवळ ठेवा, पुष्कळ टपऱ्या रोखच घेतात, आणि शौचालयालाही नाणी लागतात. बाजारात शिरायला तिकीट नाही.

न्यूरेंबर्गच्या मुक्कामातला एक दिवस जवळच्या बाम्बर्गला, एक दिवस रोटेनबुर्गला द्या. बव्हेरियाचं दिवसभराचं प्रादेशिक तिकीट काढलं की तिघांनाही स्वस्त पडतं. शनिवार-रविवार सोडून ते सकाळी नऊनंतरच चालतं. बाम्बर्गमध्ये चर्चांतून आणि चौकांतून येशूजन्माचे देखावे मांडलेले असतात, एकेक पाहत गावभर फिरायचं. गणपतीत आरास पाहत फिरणाऱ्याला यात वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट 1434 सालचा. श्ट्रीत्सेल हे श्टोलन या पावाचं जुनं नाव. मनुका, बदाम, लिंबू-संत्र्याच्या पाकवलेल्या सालींचा पाव, वरून पांढरी साखर. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखा दिसावा असा आकार. आगमनकाळ हे उपवासाचे दिवस असल्याने लोणी निषिद्ध होतं, पाव तेलात व्हायचा आणि बेचव लागायचा. राजघराण्याने पोपकडे अर्ज केला, आणि 1491 मध्ये आठव्या इनोसेंट पोपने लोण्याची परवानगी देणारं पत्र पाठवलं. ड्रेस्डेनच्या श्टोलनमध्ये पारंपरिक पद्धतीने अंडं नसतं, मनुका मात्र रममध्ये भिजवलेल्या असतात. बाजारात चौदा मीटरहून उंच लाकडी मजल्यांचा मनोरा फिरत असतो. जवळच्या एर्त्स डोंगररांगांतल्या खाणकामगारांनी खाणी ओस पडू लागल्यावर लाकूडकाम धरलं, त्यांची कला म्हणजे हा मनोरा, तोंडातून धूर सोडणारे बाहुले आणि खिडकीत ठेवायच्या दिव्यांच्या कमानी. महाग असतं, पण खरेदीचे पैसे इथेच खर्च करा. स्वस्तातल्या बऱ्याच वस्तू कुठूनतरी आयात केलेल्या असतात.

कपड्यांत सगळ्यात महत्त्वाचे बूट. थंडी वरून नाही, खालच्या दगडी फरशीतून चढते. आमचे सासरे दोन स्वेटर घालून खेळाच्या बुटांवर आले होते आणि तासाभरात पाय बधिर झाले. जाड तळव्याचे, अर्धा नंबर मोठे बूट घ्या, आत लोकरी मोजे. दर तासाला कुठेतरी आत जाऊन बसा. चर्च त्यासाठी चांगली, बसायला मिळतं आणि कधी कधी ऑर्गनचा सराव चालू असतो.

सुरक्षेबद्दल आई काळजीत आहे असं म्हणालात. बर्लिन आणि माग्डेबुर्गच्या बाजारांत गर्दीत वाहन घुसवून झालेल्या हल्ल्यांनंतर बाजारांच्या तोंडाशी अडथळे आणि पोलीस असतात. मोठी पाठपिशवी नेऊ नका, एवढं पुरे. हॉटेल न्यूरेंबर्गमध्ये महाग पडलं तर फ्युर्टमध्ये घ्या, मेट्रोने दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका.

शेवटचं एक. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एका गुरुवारी संध्याकाळी न्यूरेंबर्गच्या शाळांची हजाराहून जास्त मुलं स्वतः बनवलेले कागदी कंदील घेऊन किल्ल्यापर्यंत चालत जातात. त्या गुरुवारची नक्की तारीख पाहून मगच विमानाची तिकिटं काढा. सहाच्या सुमारास किल्ल्याच्या चढावर कडेला जागा धरा, आई-बाबांना भिंतीच्या बाजूला उभं करा. सासूबाई तिथे दीड तास उभ्या होत्या आणि एकदाही थंडीचं नाव काढलं नाही.