वाचकांचे प्रश्न : पोथीतला हिरवा रंग कागद का खातो?

प्रश्न : आमच्याकडे कल्पसूत्र या जैन धर्मग्रंथाची सचित्र हस्तलिखित पोथी आहे. प्रत्येक पानाच्या मधोमध लाल टिकली आहे, काही अक्षरांवर पिवळा रंग फासलाय. चित्रांत जिथे हिरवा रंग आहे, तिथला कागद तपकिरी होऊन तुटतोय. लॅमिनेशन करून घ्यावं का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : लॅमिनेशन अजिबात नको. तापलेला गोंद कागदात मुरतो, तो पुन्हा निघत नाही. हा हिरवा बहुधा जंगाल, म्हणजे तांब्यावर आंबट चढवून काढलेला रंग. त्यातलं तांबं कागदाचे तंतू कुजवतं, आणि दमट हवेत जास्तच. म्हणून नाशिकच्या पावसाळ्यात पोथी ओल येणाऱ्या भिंतीलगतच्या कपाटात ठेवू नका. तुटल्या जागी खळही लावू नका. खळीतल्या पाण्याबरोबर तांबं शेजारच्या चांगल्या कागदात पसरतं. असं पान आम्लरहित पुठ्ठ्यावर ठेवा, पुठ्ठ्यासकटच उचला. दुरुस्ती हस्तलिखितांच्या संवर्धकाकडूनच करून घ्या.

पिवळा रंग हरताळ या खनिजाचा दिसतो. चुकलेलं अक्षर त्याने झाकत. त्यात आर्सेनिक असतं, तेव्हा थुंकी लावून पान उलटू नका. टिकली ही ताडपत्रात दोरी ओवायच्या भोकाची खूण. कागद आला तरी तिची जागा राखली गेली.

आता शेवटचं पान नीट वाचा, खरा ऐवज तिथे असतो. संवत, गाव, लिपिकार आणि बहुधा पोथी लिहवून घेणाऱ्या कुटुंबाची नावं, त्यात बायकांचीही. विक्रम संवतातून महिन्यानुसार 57 किंवा 56 वजा केले की इसवी सन मिळतो. श्वेतांबर जैन परंपरेत दानाच्या सात क्षेत्रांत मूर्ती-मंदिरांबरोबर आगम, म्हणजे धर्मग्रंथही येतात. साधू धन बाळगत नाहीत. म्हणून व्यापारी घराणी खर्च करून पोथी गुरूंना अर्पण करत आणि पर्युषण या जैनांच्या वार्षिक पर्वात ती वाचली जाई. 15व्या शतकात पानांवर सोनं आणि अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा महागडा लाजवर्द, म्हणजे दगडापासूनचा निळा रंग, वाढला. त्यात भक्ती होती, तशी घराण्याची प्रतिष्ठाही.

सोन्याचा वर्ख खलून, धुऊन बाभळीच्या डिंकात कालवत. डिंक कमी पडला असेल तर सोनं नुसत्या स्पर्शानेही सुटतं, म्हणून चित्रावर कापूस किंवा ब्रश फिरवू नका.

वेष्टनाला धुतलेलं कोरं मांजरपाट घ्या; रंगीत कापड ओलीत रंग सोडतं. जुने लिपिकार शेवटी तेल, पाणी आणि ‘शिथिल बंधन’ यांपासून जपा, असं बजावत. पोथी दोन सपाट फळ्यांत ठेवून दोरी बेताची आवळा. सैल राहिली तर पानं घासून रंग झडतो. ज्ञानपंचमीला, म्हणजे जैनांच्या ग्रंथपूजेच्या दिवशी, वासक्षेप (सुगंधी चूर्ण) वाहायचा तो वेष्टनावर, पानांवर नाही.